बालमंदिरातले सण: किती मुलांच्या हातात, किती आपल्या

बडोद्यातल्या एका बालमंदिरात यंदा जूनपासून शिकवायला लागलेल्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: वर्गात साडेतीन ते पाच वर्षांची बावीस मुलं आहेत. घरची भाषा कुणाची मराठी, कुणाची गुजराती, कुणाची सिंधी. महिन्याला तीन-चार सण आणि ‘डे’ वरून ठरून येतात. मुकुट, राख्या, पतंग ताई आदल्या रात्री घरी बसून कापतात, सकाळी मुलं त्यावर एकेक टिकली चिकटवतात आणि फोटो निघतो. कार्यक्रम सुरू झाला की निम्मी मुलं रडतात. यातलं ठेवायचं काय, सोडायचं काय, आणि एवढ्या लहान मुलांकडून खरंच काही करून घेता येतं का?

येतं. फक्त आत्ता तुमच्याकडे जे चाललंय ते उलटं करावं लागेल. तयारी मोठ्यांची आणि दिवस मुलांचा, अशी वाटणी झाली आहे. हवी ती अशी: तयारी आठ-दहा दिवस मुलांची, आणि सणाचा दिवस छोटासा, पाऊण तासात आटोपणारा. साडेतीन वर्षांच्या मुलाला ‘कार्यक्रम’ म्हणजे काय हे कळत नाही. माती, पाणी, दोरा, पीठ कळतं. तुम्ही रात्री जागून जे कापता, चिकटवता, ओवता, तेच त्याच्या वाट्याचं काम होतं.

आधी रडण्याबद्दल. मूल हट्टी असतं म्हणून रडत नाही. जरीचा पोशाख टोचतो, स्पीकर कानाशी असतो, रोजची खाऊची वेळ टळलेली असते आणि समोर अनोळखी माणसं मोबाइल धरून उभी असतात. चारातली दोन कारणं काढून टाकलीत तरी वर्ग निम्म्याने शांत होतो. स्पीकर तर पहिल्यांदा काढा. बावीस मुलांना एक ढोलकी किंवा नुसती थाळी पुरते. खाऊची वेळ कुठल्याही सणाला हलवू नका.

आता हात. सगळ्यांना एकच वस्तू करायला दिली की तीन वर्षांचं मूल मागे पडतं आणि पाच वर्षांचं कंटाळतं, मग नाइलाजाने आपण हात घालतो. साधारणपणे तीन-साडेतीनला मूल कागद फाडतं, चुरगळतं, मातीचा गोळा थापतं, मोठ्या भोकाचा मणी बुटाच्या नाडीत ओवतं. चारच्या आसपास कात्रीने पट्टीचे तुकडे टचाटच पाडतं, पण रेषेवरून कापणं सगळ्यांना जमत नाही. पाचला सरळ रेषेवरून कापतं, जाड वळणही घेतं. म्हणून एकाच कामाचे तीन भाग करा. राखी घ्या: लहानांनी लोकर निवडायची आणि मणी ओवायचे, मधल्यांनी कागदाचे तुकडे पाडायचे, मोठ्यांनी गोल कापून चिकटवायचा. लोकरीचं टोक फेव्हिकॉलमध्ये बुडवून आदल्या दिवशी वाळवलं की ते कडक होतं आणि मणी पटकन जातो. तुमचं रात्रीचं काम एवढंच.

राखी वाकडी होईल. मणी एका बाजूला सरकतील. त्या वाकडेपणाला हात लावायचा नाही. मूल मधल्या सुट्टीत गेल्यावर बाईंनी हळूच गोल नीट करून ठेवायचा, ही सवय बालमंदिरांत फार आहे. मुलाला ते कळतं. दुसऱ्या वेळी ते वस्तू पुढे करतं आणि म्हणतं, तुम्हीच करा.

जन्माष्टमीला राधा-कृष्णाची रांग उभी करण्यापेक्षा लोणी काढा. घरी विरजलेली साय आणा (पाकिटातल्या क्रीमचं लोणी लवकर निघत नाही). फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत अर्धीच भरा आणि गोलात बसून बरणी एकाकडून दुसऱ्याकडे फिरवत हलवा. प्रत्येकाने दहापर्यंत मोजायचं. कुणी मराठीत मोजेल, कुणी गुजरातीत, मोजू द्या. सुरुवातीला आत डुचमळल्याचा आवाज येतो. मग साय फुगते आणि आवाज थांबतो. इथे मुलं म्हणतात, बिघडलं. हलवत राहायचं. थोड्या वेळाने एकदम छप असा आवाज येतो: लोणी सुटून ताक वेगळं झालेलं असतं. बावीसही मुलांचे कान त्या बरणीकडे लागलेले असतात, आणि तेव्हा मोबाइल काढायचा असेल तर काढा. थोडं गार पाणी घातलं की गोळा नीट जमतो. गोपाळकाल्याची काकडी मोठ्या गटाला बोथट सुरीने चिरू द्या, पोहे भिजवायला लहानांना. हंडी मुलांच्या डोक्याच्या उंचीवर बांधा, मातीची नको, कागदाची करा, आत लाह्या. थर नकोत.

गणपतीला मात्र भरपूर वेळ द्या, कारण बालमंदिराला याहून चांगलं साहित्य मिळत नाही. शाडू आपल्याकडे सहज मिळतो. पेणच्या कारखान्यांतही शाडू भावनगरकडूनच जातो, तेव्हा आपण तर मातीच्या घरातच बसलोय. कोरडी पूड आदल्या रात्री टोपात घालून वर पाणी शिंपडा, ओलं फडकं टाकून ठेवा. सकाळी मुलांनीच मळायची. पाणी चमच्याने द्यायचं, तांब्याने नाही. एकदा चिखल झाला की मुलं खूश आणि तुमचं काम बंद. हाताला चिकटेनाशी झाली की झाली. प्रत्येकाला लिंबाएवढा गोळा.

सगळ्यांनी गणपतीच करायचा हा हट्ट धरू नका. लहान गटाने मोदक आणि उंदीर. मोदक म्हणजे गोळा वळायचा आणि वरून तीन बोटांनी चिमटा काढायचा. पुढे पेन्सिल धरायला लागते ती हीच पकड, आणि ती वही-पेन्सिलीशिवाय तयार होते. उंदीर म्हणजे एका टोकाला निमुळता गोळा, दोन तुरीचे दाणे डोळे आणि सुतळीची शेपटी. (तुरीचे दाणे मोजून द्या आणि मोजून परत घ्या. साडेतीन वर्षांच्या मुलाला दाणा आणि नाकपुडी यांचा मेळ घालायला वेळ लागत नाही.) मोठ्या गटाने गणपती: मोठा गोळा पोट, छोटा गोळा डोकं, साप वळून सोंड. जोडताना दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढून मधे पातळ माती लावायची, नाहीतर वाळताना डोकं निखळतं. तरी एखाद्याचं निखळेल. पुन्हा लावता येतं. रंग नको. फार तर गेरू.

वाळवणं सावलीत, आणि पुरतं. भाद्रपदातल्या हवेत लिंबाएवढ्या मूर्तीलाही तीन-चार दिवस लागतात. पुरतं वाळण्याचं कारण विसर्जनात दिसतं. पूर्ण कोरडा शाडू पाण्यात सोडला की त्यातून बारीक बुडबुडे येतात, कडा ढासळतात आणि बघता बघता तळाशी गाळ होतो. अर्धवट ओली मूर्ती मात्र तशीच ढिम्म बसून राहते. शक्य असेल तर एक पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्या, बादलीत बाजूने दिसत नाही. मुलं पाण्यासमोर जेवढा वेळ बसतात तेवढा वेळ ती कुठल्याही नाचाच्या तालमीत उभी राहत नाहीत. शेजारी प्लास्टरचा एखादा तुटका तुकडा दुसऱ्या डब्यात ठेवला तर तो तसाच राहतो. ‘का?’ हा प्रश्न मुलांकडून येतो. उत्तराची घाई करू नका. पाणी झाडाला घाला, आणि उरलेला गाळ वाळवून पुढच्या वर्षीसाठी डब्यात.

विसर्जनाला रडणारं एखादं मूल असतंच. ‘माझा गणपती नको बुडवू’ म्हणालं तर नका बुडवू. घरी नेऊ द्या.

नवरात्रात आपल्या गावाला वेगळं काही सांगायला नको, गरबा मुलांच्या अंगातच असतो. दहा मिनिटं, बे ताळी (दोन टाळ्यांचा गरबा), गोलात, अनवाणी. टिपऱ्या लहान गटाला देऊ नका. एकमेकांच्या बोटांवर बसतात. कुंभाराकडून भोकांचे छोटे गरबे (मातीचे घट) आणून खडूच्या पाण्याने ठिपके द्यायचे, हे काम तीन वर्षांच्यालाही जमतं. आतला दिवा तुम्ही लावायचा. मराठी घरांतली घटस्थापना इथे फार उपयोगी पडते: पसरट कुंडीत माती, वर गहू, आणि रोज सकाळी आइस्क्रीमची काडी शेजारी धरून कोंब जिथवर आला तिथे खूण. पहिले दोन दिवस काहीच दिसत नाही आणि मुलं माती उकरतात. म्हणून एक जादा कुंडी ठेवा, उकरायचीच म्हणून. नऊ दिवसांच्या खुणांची काडी म्हणजे या वयाचं गणित.

आणि भोंडला विसरू नका. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या मराठी घरांतल्या आज्यांना फोन करा, त्या आनंदाने येतील. पाटावर हत्ती काढायला मुलांना तांदूळ द्या, रांगोळीची पूड नाही. ती उडते आणि डोळ्यांत जाते. गाण्यांपेक्षा मुलांना खिरापत आवडते. झाकलेला डबा हलवून, हुंगून ओळखायची. आवाज खुळखुळ म्हणजे दाणे, धप्प म्हणजे लाडू, असं तर्क लढवणं चार वर्षांच्या मुलाला छान जमतं. सिंधी घरातलं मूल एखादा आपला पदार्थ ओळखून मोठ्याने सांगतं, तेव्हा त्याचंही काही त्या खेळात आलेलं असतं.

दिवाळीचा किल्ला सुट्टी लागायच्या आठ दिवस आधी सुरू करा. इथे लांब सुट्टी असते. उशीर केलात तर हळीव उगवलेले मुलांना बघायलाच मिळत नाहीत. विटा, माती, गोणपाट एवढंच. हळीव भिजवले की बुळबुळीत होतात, ते बोटांनी लिंपायला मुलांना फार आवडतं. दोन-तीन दिवसांत मोड, सहाव्या-सातव्या दिवशी हिरवळ. पणत्या रंगवणं नेहमीचंच आहे, त्यात मी वेळ घालवत नाही.

उत्तरायणाला थोडं कडक व्हावं लागतं. १४ आणि १५ जानेवारीला घरोघरी गच्चीवर काय चालतं ते आपल्याला ठाऊक आहे. गेंडीगेटच्या बाजारात फिरकी बघितली की मुलं हरखतात. पण शाळेत मांजा नको, कुठलाच. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली हे खरं, पण काच लावलेला सुती दोरासुद्धा मुलाचं बोट कापतोच. आणि चार वर्षांच्या मुलाच्या हातून खरा पतंग उडत नाही; तो बाबाच उडवतात आणि मूल फिरकी धरून कंटाळतं. त्याऐवजी कागदाची पिशवी घ्या, तळाशी वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या मुलांनीच फाडून चिकटवायच्या, तोंडाला शिवणाचा जाड दोरा बांधायचा. घेऊन पळालं की पिशवी हवेने फुगते आणि वर उठते. मैदान हवं. गच्ची नको, अगदी कठडा असला तरी नको.

वासी उत्तरायणानंतर (१५ जानेवारीच्या) शाळा उघडली की अंगणात, झाडांवर मांजाचे गुंते लटकत असतात. मुलांना टेहळणीला पाठवा. त्यांनी फक्त बोट दाखवायचं, ‘तिथे!’, आणि हातमोजे घालून काढायचं आपण. आपल्या राज्यात त्या दिवसांत जखमी पक्ष्यांसाठी करुणा अभियान चालतं; मुलांनी घरी ते ऐकलेलं असतं, तेव्हा गुंता कशासाठी काढायचा हे वेगळं समजवावं लागत नाही. तिळगुळाची मऊ वडी द्या. कडक चिक्की आणि अख्खे शेंगदाणे या वयाला घशात अडकतात. तीळ आणि शेंगदाणे दोन्हींची ॲलर्जी काही मुलांना असते, त्याची माहिती जूनमध्येच पालकांकडून लेखी घेऊन ठेवा.

होळीला केसूडो, म्हणजे पळसाच्या फुलांचा रंग. फेब्रुवारी-मार्चमध्ये गावाबाहेर पळस फुलतो आणि बाजारातही फुलं येतात. पाकळ्या मुलांनी खुडायच्या, गरम पाणी तुम्ही ओतायचं, रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी केशरी पाणी. जुन्या पांढऱ्या चादरीवर ब्रशने, हाताने, पानाने उडवू द्या. रंग गडद व्हावा म्हणून घरी चुना घालतात, तो मुलांच्या पाण्यात नको, कातडी आणि डोळे भाजतात.

‘रेड डे’, ‘येलो डे’ सरळ सोडा. रंग मुलांना कपड्यांवरून कळतो असं नाही, आणि लाल टी-शर्ट घरात नसला की आईला संध्याकाळी मंगळ बझारला पळावं लागतं. बर्फाच्या ट्रेमध्ये पिवळं आणि निळं पाणी, सोबत ड्रॉपर. एवढ्यात हिरवा रंग मुलं स्वतः शोधतात आणि दिवसभर सांगत सुटतात. सोडताच येत नसेल तर त्या रंगाची पानं-फुलं सयाजीबागेतून गोळा करून आणायची सहल काढा. तिथे चार मुलांमागे एक मोठं माणूस हवंच, आणि आधी पानं, मग खेळ. उलट केलंत तर पानांकडे कुणी बघणार नाही.

स्पर्धा आणि बक्षीस यांवर मात्र मी अडून बसेन. बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर काढलं, १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांच्या कामात आल्या, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. त्या मंडळींनी बक्षीस आणि शिक्षा दोन्ही बालमंदिराच्या दाराबाहेर ठेवली होती. आणि बडोद्याहून काही तासांवर घडलेली ही गोष्ट असताना आपण फॅन्सी ड्रेसला पहिला-दुसरा-तिसरा काढतो! चार वर्षांच्या मुलाला नंबर मिळतो तो त्याच्या आईच्या शिवणकामाला.

मुख्याध्यापिकाबाईंना हे पटवायचं कसं, हा खरा प्रश्न तुमच्या पत्रात ओळींमधून दिसतोच. वाद घालू नका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानलाय, आणि त्याच्या २०२२ च्या आराखड्यात खेळातून, हाताने करून शिकण्यावरच भर आहे. हे सरकारी कागद आहेत, बाईंसमोर त्यांचा आधार घेता येतो. पुढच्या सणाची टाचणवही (रोजच्या शिकवण्याच्या नियोजनाची वही) याच भाषेत लिहा: मोदक वळणे, बोटांची पकड, कोंब मोजणे, लांबीची तुलना. एक सण तुमच्या पद्धतीने करायला मागा. वर्षभराचं एकदम मागितलं तर नकारच येईल.

पालकांचं सोपं आहे. त्यांना फोटो हवा असतो कारण दुसरं काही मिळत नाही. मूल मातीत हात घालतंय, बरणी हलवतंय असे हातांचे फोटो पाठवा, चेहऱ्याचे कमी, आणि तेही जूनमध्ये लेखी संमती घेतलेल्यांचेच. सोबत दोन ओळी: आज काय केलं, घरी काय विचारता येईल. ‘बरणीतला आवाज कधी थांबला?’ असं आईने विचारलं की मूल बोलतं. ‘आज काय केलं?’ला ‘काही नाही’ हेच उत्तर असतं.

ज्या घरांत आपले सण होत नाहीत त्या मुलांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण बडोद्यात ते येणारच. आरती किंवा टिळा कुणावरही सक्तीचा नको. माती आणि पीठ सगळ्यांना चालतं. आणि त्यांचे सण हातांनी आणा. ईदला शेवया मोडायचं काम मुलांना द्या. एखादं पारशी कुटुंब ओळखीत असेल तर त्यांच्या चॉकच्या, भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्या मागून आणा. पूड भरून उंबऱ्यावर ठोकली की मासा उमटतो, आणि तीन वर्षांच्या मुलालाही पहिल्या फटक्यात जमणारी रांगोळी याखेरीज मला माहीत नाही.

खर्चाचं म्हणाल तर मुकुटांच्या सोनेरी कार्डशीटचे पैसे वाचतील त्यातच निभेल: शाडू, झाकणाच्या दोन बरण्या, पारदर्शक डबा, ड्रॉपर, हळीव, गहू, मोठ्या भोकाचे मणी, जुन्या चादरी. चांगल्या गोल टोकाच्या कात्र्या मात्र घ्याच. बोथट आणि ढिल्या कात्रीत कागद नुसता दुमडतो आणि आपण म्हणतो मुलाला कापता येत नाही. बावीस मुलांत दोनेक डावखुरी निघतीलच. त्यांची कात्री वेगळी मिळते, ती या महिन्यातच मागवून ठेवा.